वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही

माणगावच्या त्या त्रैमासिकात माझी एकही गोष्ट कधी छापून आली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत आशेवर राहायचा. मी मात्र राहिलो. वर्षानुवर्षं राहिलो. उरणच्या पोस्टातली बाई माझं पाकीट हातात घेतानाच विचारायची, "माणगाव ना?" मी मान डोलावली की वजन करता करता गालात हसायची.

त्रैमासिक म्हणायचं ते मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं असायचं म्हणून. वर्षातून दोन अंक निघाले तरी खूप. पातळ अंक, पिवळट कागद, मागच्या बाजूला पतपेढीची आणि सिमेंटच्या दुकानाची जाहिरात. मानधनाचं नाव काढायचं नाही. अंकाची प्रत मिळायची, तीही स्वतः जाऊन आणली तर. पण रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंत लिहिणारे जेवढे म्हणून होते, त्या सगळ्यांना आपलं नाव त्या अंकात हवं असायचं. मुंबई-पुण्याच्या जाडजूड दिवाळी अंकांत झळकलेला माणूससुद्धा कुणी कौतुक केलं की म्हणायचा, "तिकडचं काय, ओळखीवर चालतं. माणगावला येऊन दाखवलं तर खरं."

याला कारण तिथले संपादक. मराठीचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणत आलो. त्यांचा एक नियम होता. गोष्ट पसंत पडली तर लेखकाने माणगावात यायचं, त्यांच्या घराच्या ओटीवर बसायचं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायची. कवितेलाही तोच न्याय. सर डोळे मिटून ऐकत. वाचताना जीभ कुठे अडखळली, आवाज उगाच कुठे चढला, कुठे लेखक स्वतःच घाईघाईने पुढे सटकला, ते सगळं त्यांना कळे आणि तिथे ते "थांबा" म्हणत. त्यातून जे उरेल ते छापायचं. वाचून दाखवल्याशिवाय काहीही छापायचं नाही. भल्या भल्या कवींना त्या ओटीवर घाम फुटलेला आहे असं ऐकलं होतं. मला फुटायचा प्रश्न नव्हता, कारण ओटीपर्यंत माझी मजलच गेली नव्हती. ज्यांची पसंत पडत नसे त्यांना सर फोन करत आणि कागद टपालाने परत धाडत.

मी न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सर्व्हेअर आहे. नाव मोठं, काम साधं. परत आलेला रिकामा कंटेनर चारी बाजूंनी बघायचा, कुठे पोचा आलाय, कुठे भोक पडलंय ते लिहायचं. भोक शोधायची रीत गमतीची आहे. आत शिरायचं, बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगायचं आणि अंधारात उभं राहून कुठून उजेड येतो का ते बघायचं. बाहेरून रंग मारून कितीही झाकलेलं असलं तरी सुईएवढं भोकही आतून दिसतं. सरांचं ऐकणं तसलं होतं.

त्यांना मी पहिल्यांदा पाठवलेली गोष्ट एका कोळणीची होती. नवरा बुडाल्यावर ती किनाऱ्यावर उभी राहून म्हणते, "जीवन म्हणजे एक अथांग सागर आहे." हे वाक्य सुचलं तेव्हा मी यार्डातल्या टपरीवर दोघांना चहा पाजला होता. आठवड्याभराने फोन आला.

"यार्डवाले का?" मी पाकिटावर यार्डाचा पत्ता दिला होता, तेव्हापासून मी त्यांचा यार्डवाले. त्यांनी ते वाक्य मला वाचून दाखवलं. पंचांग वाचावं तसं, कोरड्या आवाजात. मग विचारलं, "हे तुमच्या घरात कोण बोलतं?"

"घरात कुणी नाही बोलत सर. पण साहित्यात..."

"साहित्यात कोण राहतं?"

"म्हणजे तसं नाही सर..."

"बरं. साभार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. म्हाताऱ्याला काय कळतंय, पोरांना शुद्धलेखन शिकवण्यात जन्म गेला, असलं मी बायकोपाशी बरंच बोललो. ती म्हणाली, "मग दुसरीकडे पाठवा की." पाठवली. दुसरीकडे छापूनही आली. आणि छापलेली वाचली तेव्हा माझे मलाच कान झाकून घ्यावेसे वाटले. त्यानंतर मी दुसरीकडे पाठवणं जवळजवळ बंदच केलं.

त्याला आणखीही एक कारण होतं. आमचं गाव हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीकाठी. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या लोकांनी गलबतांवर व्यापार केला, नंतरच्यांनी आखातात नोकऱ्या केल्या. मी एकटाच असा करंटा, जो उरणला अडकला आणि वर मराठीत गोष्टी लिहायला लागला. माझं नाव बघितलं की दिवाळी अंकवाल्यांना एकदम शिरखुर्मा आठवायचा. "ईदवर काहीतरी द्या ना. दोन धर्मांतल्या मैत्रीची एखादी हृद्य गोष्ट." जसा काही मी वर्षभर गळ्यात चंद्र बांधून मैत्री करत फिरतो. मला पगाराची, दातदुखीची, बायकोशी भांडणाची गोष्ट लिहायची असायची. सरांनी माझ्याकडे कधी ईद मागितली नाही. ते फक्त एवढंच विचारायचे की हे वाक्य खरं आहे का.

परत आलेल्या गोष्टी मी आईला वाचून दाखवायचो. आताची पोरं अम्मी म्हणतात, आमच्या वयाचे सगळे आईच म्हणतो. आई गावच्या उर्दू शाळेत चार बुकं शिकलेली, मराठी अक्षर तिला लागत नसे. सुट्टीला घरी गेलो की ती अंगणात मासळी निवडत बसलेली असायची आणि मी पायरीवर बसून वाचायचो. पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग तिचा एकच प्रश्न ठरलेला.

"बरी हाय. पन ती बाई जेवली कवा?"

"आई, गोष्टीत जेवण कशाला पायजे?"

"सकालपासून रडतेय ती. भूक लागली नसंल?" मग थोडा वेळ मासळी निवडून झाली की विचारायची, "छापली त्यांनी?"

"न्हाय."

"मग त्यांना जरा चांगली देत जा."

हे तिने इतक्या सहज म्हणावं की हसू यायचं. तिच्या लेखी माणगावचे सर म्हणजे गिऱ्हाईक होते आणि मी त्यांना शिळा माल घालत होतो. पण ती दर वेळी न विसरता विचारायची. वडील कुवेतला असताना त्यांच्या पत्राची जशी चौकशी करायची, तशीच माझ्या गोष्टीची करू लागली होती. एकदा तिने थोरल्या बहिणीला, आमच्या आपाला, सांगितलं होतं, "त्या मास्तरानं याची एकदा छापली ना, मी मोहल्ल्यात पेढे वाटीन." आपाने ते मला हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतलं की छापून यायचं ते माणगावलाच, आणि आई आहे तोवर.

ते काही झालं नाही. आई गेली तेव्हा मी यार्डात होतो. सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, आपाने शेजारच्यांची गाडी काढायला लावली आणि तिला घेऊन माणगावच्या वाटेला लागली. मला फोन आला तसा मी निघालो. मी इकडून, त्या तिकडून, माणगावात गाठ पडेल असा हिशेब होता. आई म्हसळ्याच्या पुढे घाटातच गेली. मी तेव्हा वडखळच्या आसपास ट्रकांच्या रांगेत उभा होतो आणि मला कुणी सांगितलं नाही, कारण गाडी मीच चालवत होतो. माणगावात पोचल्यावर आपाचा फोन आला, "आता दवाखान्यात थांबू नको, सरळ घरी ये." तेवढ्यावरूनच मला कळलं. घरी पोचलो तेव्हा आंघोळ घालून, कफन करून तिला ओटीवर ठेवलेली होती. तोंड बघायला मिळालं, माती द्यायला मिळाली. लोक म्हणाले, नशीबवान आहेस, आखातातल्यांना तेवढंही मिळत नाही. ते खरंच होतं, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला.

चाळीसावं झालं आणि मी आईची गोष्ट लिहायला घेतली. यार्डात जेवणाच्या सुट्टीत लिहायचो, घरी गॅलरीत लिहायचो. बायको सुरुवातीला काही बोलली नाही, नंतर म्हणाली, "लिहा, पण जेवून लिहा." सबंध गोष्ट जशी होती तशी उतरली. आईची मासळी, तिचं ओरडणं, वडिलांच्या फोनची वाट बघत शेजारच्यांच्या दारात ताटकळणं. शेवटाला घोडं अडलं. शेवटी आई गाडीत काय बोलली ते आपाने मला सांगितलं होतं, पण ते मला सोसण्यासारखं नव्हतं. म्हणून मी गोष्टीतल्या मुलाला वेळेवर पोचवलं. तो गाडीत शिरतो, आईचा हात हातात घेतो, ती डोळे उघडते आणि म्हणते, "आलास तू? मग आता मी सुखानं जाते." हे लिहिताना मी ढसाढसा रडलो. जे रडून लिहिलंय ते खरंच असणार, असं मला वाटलं.

पाकीट पाठवलं आणि आठवडा संपायच्या आत फोन आला.

"नमस्कार. आपली कथा मिळाली. फार छान. वाचताना डोळे भरून आले. घेतली आहे."

मी यार्डात होतो, बाजूने ट्रेलर जात होता. मी ओरडून विचारलं, "काय म्हणालात सर?" त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. कधी वाचायला येऊ विचारलं तर म्हणाले, "या की, केव्हाही या."

ते मला यार्डवाले म्हणाले नाहीत आणि आपली कथा म्हणाले, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण आनंदात कोण एवढं बघतो? मी बायकोला फोन केला, आपाला केला. आपा फोनवर रडली आणि म्हणाली, "आई असती तर..." आणि पुढे तिला बोलवेना. संध्याकाळी मी खरंच पेढे आणले. यार्डात वाटले, बिल्डिंगमध्ये वाटले. बायको म्हणाली, "अंक तरी येऊ द्या हातात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग." पण पेढा तिनेही खाल्ला.

चार-पाच दिवसांनी म्हसळ्याच्या एका मेडिकलवाल्याचा फोन आला. हा गृहस्थ कविता करायचा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला बॅनरवर ज्या चार ओळी लागतात, त्या बहुतेक त्याच्याच असत. माणूस देवासारखा, रात्री-अपरात्री शटर उघडून औषध देईल. कविता मात्र अशा की सरांकडून उलट टपाली परत यायच्या. आम्हा दोघांचं नातं नापास झालेल्यांचं. तो आनंदाने ओरडत होता, "भाई, माझ्या सगळ्या घेतल्या! सगळ्याच्या सगळ्या! वाढदिवसाचीसुद्धा!"

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, फार छान, वाचताना डोळे भरून आले, घेतली आहे."

मी त्याचं अभिनंदन केलं, आणि तेही मनापासून करायचा प्रयत्न केला. मग खुर्चीवर बसून राहिलो.  दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी फोन लावला. तो काकूंनी उचलला, सरांच्या पत्नींनी. मी गोल गोल बोलत होतो, तब्येत कशी आहे, अंक कधी निघतोय. त्यांनी मला बराच वेळ बोलू दिलं.

"तुम्हालाही डोळे भरून आले म्हणाले का हो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळ्यांना म्हणतात. वर्ष होत आलं आता. त्यांना काही आठवत नाही. सकाळी मला विचारतात, बाई, तुम्ही कोणत्या शाळेत? टपाल आलं की मात्र खूश होतात. पाकीट फोडतात, नंबर बघून फोन करतात. वाचतात की नाही देवाला माहीत. फोन काढून घेतला तर दिवसभर शोधत बसतात, म्हणून मी घेत नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही या मात्र. ओटीवर कुणी वाचायला आलं की त्यांना बरं वाटतं."

मी जाणार नव्हतो. खरं सांगतो, मला सरांचा राग आला होता, आणि जो माणूस आजारी आहे त्याचा राग येतो म्हणून स्वतःचाही. इतकी वर्षं ज्याने एक हो म्हटलं नाही, त्याने म्हटलं तर असं. पण पुढच्या सुट्टीला गावी निघालो तेव्हा एसटी माणगावच्या स्टँडात थांबली आणि मी पिशवी घेऊन उतरलो. गोष्ट पिशवीत होतीच.

सर मला वाटलं होतं त्याहून लहानखुरे निघाले. आवाजावरून मी मोठा दांडगा माणूस कल्पिला होता. स्वच्छ धुतलेला सदरा, दाढी केलेली. मला बघून म्हणाले, "या. मीटर आत आहे."

"अहो, मीटरवाले नव्हेत, लेखक आहेत. वाचायला आलेत," काकू म्हणाल्या.

"असं का? मग बसा," असं म्हणत सरांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि त्या दारात बसल्या. हातात तांदळाचं ताट होतं, ते तसंच राहिलं. मी वाचायला लागलो. पहिलं पान माझं मलाच ऐकू येत नव्हतं. जो माणूस मला मीटरवाला समजतो, त्याला मी माझी आई कशासाठी वाचून दाखवतोय, हेच मनात चाललेलं. पण मग आई बोलायला लागली. ती ओरडली, मासळीवाल्याशी भांडली, आणि मी वाचत गेलो. सर हलले नाहीत. एकदा मात्र ते हसले, आई म्हणते 'ती जेवली कवा', तिथे. मग गाडी आली, घाट आला, मुलगा आला. मी वाचलं, "आलास तू? मग आता मी सुखानं जाते."

"थांबा."

सरांचे डोळे मिटलेलेच होते. आवाज तोच, फोनवरचा, कोरडा.

"हे कोण बोललं?"

"आई, सर."

"नाही. मघापासून बोलत होत्या त्या या नव्हेत. हे तुम्ही बोललात."

 काकूंनी वर बघितलं.

"त्या काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

मी हे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. सरांना सांगितलं. म्हणालो, सर, मी तिथे नव्हतो. मी वडखळला होतो. बहीण होती. ती सांगते, घाटात आई एकदम उठून बसायला लागली आणि म्हणाली, "वाकट्या अंगनात रवल्या गो. आत घे, कावलं नेतील." एवढंच. त्यानंतर ती काही बोलली नाही. माझं नाव घेतलं नाही. मी कुठे आहे हेही विचारलं नाही. वाळत घातलेल्या वाकट्या, ती सुकी मासळी आठवली तिला, मी नाही आठवलो.

हे बोलताना माझा आवाज फुटला आणि मी लहान मुलासारखा रडायला लागलो. मातीच्या दिवशी मी असा रडलो नव्हतो.

सरांनी डोळे उघडले. "वाकट्या कुणासाठी वाळत घातलेल्या?"

"माझ्यासाठी. मी सुट्टीला आलो की बरोबर द्यायची."

"मग ते कुठं आहे गोष्टीत?"

 काकू तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. सर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, अगदी नीट, आणि मला वाटलं, आता ते मला यार्डवाले म्हणतील. मग त्यांच्या चेहऱ्यावरून ते काय असेल ते ओसरलं. ते प्रसन्नपणे म्हणाले, "फार छान. वाचताना डोळे भरून आले. घेतली आहे."

काकूंनी मला दारापर्यंत सोडलं. त्या म्हणाल्या, हा शेवटचा अंक. त्यांनी ज्यांना ज्यांना हो म्हटलंय त्या सगळ्यांचं छापणार आहे, मग ते कसंही असो. "जन्मभर त्यांनी शब्द फिरवला नाही. आता मी कशी फिरवू? तुमचीही आहे तशी छापते. छपाईला द्यायचंच आहे आता."

मी म्हटलं, "काकू, माझी परत द्या. दुरुस्त करायची आहे."

"मग ती राहील हो. पुढे अंक नाही."

"राहू दे."

 त्या आत जाऊन टपालाच्या गठ्ठ्यातून माझं पाकीट काढून घेऊन आल्या. आईने बोललेले पेढे तिच्या माघारी मी वाटूनही टाकले होते, आणि आता गोष्टच अंकात येणार नव्हती.

घरी गेल्यावर मी आपाला समोर बसवलं आणि गाडीतलं सगळं पुन्हा सांगायला लावलं. ती आधी तयार होईना, मग सांगत गेली. त्या वाकट्यांचं पुढे काय झालं, हे मी तोवर विचारलंच नव्हतं. आपा म्हणाली, मय्यतीच्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं, कावळ्यांनी निम्म्या नेल्या. उरलेल्या तिने डब्यात भरून ठेवल्या होत्या आणि मला द्यायचा तिला धीर झाला नव्हता. त्या रविवारी आम्ही दोघांनी त्या भाजून भाकरीबरोबर खाल्ल्या. 

गोष्ट नव्याने लिहायला मला वर्ष लागलं. त्यात मुलगा पोचत नाही. मेडिकलवाल्याच्या कविता शेवटच्या अंकात पहिल्या पानावर आल्या. त्याने मला अंक पाठवला आणि मी त्याला फोन करून वाढदिवसाची कविता आवडल्याचं सांगितलं. माझी गोष्ट कुठे पाठवायची ते मला ठाऊक नव्हतं. दिवाळी अंकवाल्यांना पाठवावीशी वाटेना. शेवटी एकदा मी परत माणगावला उतरलो.

सर आता ओटीवर खाटेवर असतात. काकूंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि कानाशी जाऊन सांगितलं, लेखक आलेत, वाचणार आहेत. मी कागद उलगडत होतो. पहिला शब्दही तोंडातून निघाला नव्हता.

"फार छान," सर म्हणाले. "घेतली आहे."

काकू म्हणाल्या, "वाचा तुम्ही."

मी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने. घाट आला तेव्हा मी सावकाश झालो. वाकट्यांचं वाक्य वाचलं आणि थांबलो, ते काही म्हणतील म्हणून. सर अंगणात बघत होते. मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग पुढे वाचत गेलो.